आतला पडदा

ज्या वस्तूत हवा भरता येते आणि जिच्यातून ती नको तेव्हा निघून जाते, अशी कुठलीही वस्तू भाऊंच्या दुकानात दुरुस्त होते. पोहायला शिकणाऱ्या पोरांची चाकं, हवेच्या गाद्या, प्रवासातल्या उशा, तळ्यातल्या रबरी होड्या. एकदा एका जाहिरातवाल्याचा फुगवायचा हत्ती आला होता. त्याची सोंड नीट होईपर्यंत भाऊ आणि वहिनी दोघांनाही दुकानात अंग चोरून वावरावं लागलं, आणि गिऱ्हाईक आलं की हत्तीच्या पोटाआडून कोणीतरी 'आलो, आलो' म्हणायचं.

भाऊंचा लौकिक होता तो कानाचा. बाकीचे दुरुस्तीवाले वस्तू पाण्यात बुडवतात, नाहीतर साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते बघतात. भाऊंना ते कमीपणाचं वाटे. साबण कपड्यांना लावावा, असं ते म्हणत. ते आपल्या स्टुलावर बसत, एक बोट वर करत, की दुकानातलं बोलणं बंद. मग डोळे मिटून ते फुगवलेल्या होडीवरून कान फिरवत नेत, आणि एकाएकी थांबून बोट टेकवत. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक निघायचंच. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. 'दोन कान आहेत म्हणून तर हे दुकान,' हा भाऊंचा ठरलेला विनोद होता आणि तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकावा लागे. वहिनींना तो पाठ होता, तरी त्या दर वेळी हसत. संसारात एवढं करावंच लागतं.

वहिनींची जागा कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर. होड्यांची आवरणं, तंबूंच्या चेनी, खांद्याचे पट्टे असलं जाड कापडाचं काम त्या करत. जाड कापड शिवणाऱ्या बाईकडे कोणी मुद्दाम बघायला येत नाही. लोक यायचे ते कान बघायला, आणि जाता जाता पट्टा शिवून न्यायचे. वहिनींची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. निदान तेव्हा तरी नव्हती.

पुढे भाऊंचे कान गेले.

एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू गेले. वहिनींनी भाजी काय आणू म्हणून विचारावं आणि भाऊंनी 'परवा नेतो म्हणालाय' असं उत्तर द्यावं, असं होऊ लागलं. सासरी राहणारी लेक फोनवर कानाचं यंत्र घ्या म्हणून मागे लागली की भाऊ 'हो हो, इथेही गरमच आहे' म्हणून फोन वहिनींच्या हातात देत. हे खरंच ऐकू न आल्यामुळे की सोयीचं पडतं म्हणून, ते वहिनींनाही सांगता येत नसे. एक मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. कान गेलेत हे भाऊंना तोंडाने कबूल करावं लागलं, की दुसऱ्या दिवशी ते दुकानाला कुलूप लावतील. कानावर उभं राहिलेलं दुकान ते कानाशिवाय एक दिवस चालवणार नाहीत, आणि मग खिडकीशी बसून राहतील. हा माणूस खिडकीशी बसणाऱ्यांतला नव्हे. आठवड्याभरात तो सुकून जाईल आणि दुसऱ्या आठवड्यात वहिनींच्या स्वयंपाकात चुका काढायला लागेल. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, असं वहिनींनी ठरवलं.

दुपारी जेवण झालं की भाऊ आतल्या खोलीत आडवे होत. तेवढ्यात वहिनी वाटीभर पाण्यात साबण फेसत, दाढीच्या जुन्या ब्रशने तो होडीवर फासत आणि बघत बसत. आधी काहीच दिसत नाही. मग कुठेतरी फेसातून एक बुडबुडा डोकं वर काढतो, मोठा होतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. तो दिसला की वहिनींच्या जिवाला असं काही बरं वाटे की बोलायची सोय नाही. मग त्या फेस पुसून घेत आणि जागा हरवू नये म्हणून शिवणकामाच्या खडूने तिथे एक बारीक आडवी रेघ ओढत. कपड्यावर काजं पाडायची असली की करतात तशीच. शेवटी होडी अशी फिरवून ठेवत की ती बाजू नेमकी भाऊंच्या स्टुलासमोर यावी. भाऊ उठत, चहा घेत, बोट वर करत, कान फिरवत आणि जागा सापडे. वहिनी फडकं मारायच्या निमित्ताने रेघ पुसून टाकत. बिचाऱ्यांना वाटतंय की आपणच ऐकलं, असं त्या मनात म्हणत, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन पुन्हा मशीनवर बसत.

असं छान चाललं होतं, तोवर बदकबाईंची होडी आली.

बदकबाई म्हणजे तळ्यावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई. पोरं त्यांच्यामागून रांगेने चालतात म्हणून गावाने ठेवलेलं हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. रविवारी त्यांची पोरं पहिल्यांदाच तळं या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जाणार होती. सोबतीला ही करडी रबरी होडी राहणार. दमलेल्या पोराला उचलून घ्यायचं ते हिच्यातच, त्यामुळे होडी नाही तर पोहणंही नाही. आणि होडीचं रडगाणं असं, की संध्याकाळी टणक फुगवलेलं तिचं नाक सकाळी मान टाकायचं. बदकबाईंनी सगळं नीट, मोठ्या आवाजात सांगितलं. पाण्यावर ओरडून ओरडून बाईंचा आवाजच तसा झाला असेल, असं वहिनींना वाटलं.

त्या दुपारी वहिनींनी नाकाचा सगळा कप्पा साबणाने न्हाऊ घातला. बुडबुडा नाही. हवा भरायच्या तोंडाशी बघितलं, शिवणींवर बघितलं, तळाशी पालथं पडून बघितलं. काही नाही. दुसऱ्या दुपारी साबण बदलून बघितला. होडी लख्ख झाली, एवढाच फायदा. शेवटी भाऊ उठायची वेळ झाली तेव्हा वहिनींनी फडकं पिळलं आणि ठरवलं की आज भाऊंना काही सापडणार नाही. ते म्हणतील उद्या बघू, आणि उद्याचं उद्या.

नेमक्या त्याच वेळी बदकबाई चौकशीला आल्या. भाऊंनी बोट वर केलं. बाई गप्प झाल्या. भाऊ डोळे मिटून, म्हणजे वहिनींना आजवर मिटलेले वाटायचे तसे डोळे करून, होडीच्या नाकावरून कान फिरवू लागले. एक फेरी झाली. दुसरी झाली. भाऊंच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या फेरीत ते डाव्या अंगाला खाली वाकले, थांबले, त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी बोट टेकवलं.

"ही इथे," ते म्हणाले. "बारीक आहे, पण बोलतेय."

वहिनींनी वाकून बघितलं. भाऊंच्या बोटाखाली एक पांढरी बारीक आडवी रेघ होती. फडकं मारून झाल्यावर कधीतरी दारातून आत शिरलेल्या एखाद्या पाखराने ती ओढून ठेवली होती, आणि अजून पुरती वाळलीही नव्हती.

वहिनींनी भाऊंच्या तोंडाकडे बघितलं. म्हणजे ह्यांना अगदी काहीच ऐकू येत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट डोक्यात शिरली: म्हणजे हे रेघ शोधत होते. पण गिऱ्हाइकासमोर काय बोलणार? त्या मूग गिळून बसल्या. भाऊंनी ती धडधाकट जागा काचपेपरने घासली, सोल्युशन लावलं, सुकू दिलं, पुन्हा लावलं आणि वर असा सुरेख पॅच बसवला की खऱ्या भोकाला हेवा वाटावा. बदकबाई सगळं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

सकाळी दुकान उघडलं तर होडीने मान टाकलेली.

भाऊ तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. वहिनी चहाचे कप घेऊन आल्या तरी वळले नाहीत. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तू खूण केलीस तिथेच तर पॅच मारला."

 वहिनींनी कप खाली ठेवले आणि विचारलं की कसली खूण. भाऊंनी ओठांवरून ओळखलं असावं.

"काजाची. नेहमी करतेस ती."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे दोन चोर होते आणि इतकी वर्षं दोघांनाही आपल्यापुरताच अंधार आहे असं वाटत आलं होतं. खरं म्हणजे वहिनींनाच तसं वाटत होतं. भाऊंना पहिल्या रेघेपासून सगळं माहीत होतं. दुपारी ते झोपतही नव्हते. वहिनींचं काम आटपावं म्हणून डोळे मिटून नुसते पडून राहायचे. साबणाचा वास आतल्या खोलीत यायचा. वास थांबून थोडा वेळ गेला की जांभई देत बाहेर यायचं. एवढं सांगून भाऊ स्टुलावर बसले आणि म्हणाले की तुला इतकं बरं वाटत होतं, मग मी कशाला बोलू?

वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या. "कालची खूण माझी नव्हती. पाखराची शीट होती ती."

भाऊंनी कानामागे हात धरला. वहिनींनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी इतक्या खणखणीत आवाजात की शेजारच्या सलूनवाल्याची कात्री थांबली. भाऊंनी होडीवरच्या त्या सुरेख पॅचकडे बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, मग ते डोळे पुसायला लागले. वहिनींनाही हसू आवरेना. हसता हसता त्या होडीच्या मागच्या अंगावर टेकल्या, आणि तशाच उठल्या.

होडी मागून टणक होती. काल एवढी नव्हती. बदकबाई नाक भरपूर ताठ ठेवायच्या आणि मागे बसायला बरं म्हणून मागचा कप्पा जरा मऊ ठेवायच्या. त्यांनी ते सांगितलं होतं आणि भाऊंनी तसाच तो भरला होता. वहिनींनी भाऊंचा हात ओढून मागच्या कप्प्यावर ठेवला, मग पुढच्यावर. भाऊंनी दोन्हीकडे दाबून पाहिलं, परत दाबून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. रबरी होडी आतून एकसंध नसते. मध्ये आडवा पडदा असतो, म्हणजे एका कप्प्याला भोक पडलं तरी दुसरा माणसांना तरंगत ठेवतो. हवा बाहेर कुठे जातच नव्हती. ती पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाऊन बसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन दिवस दोघं बाहेरून साप साप म्हणून भुई धोपटत होती.

खात्री करायची म्हणून भाऊंनी मागचा कप्पा पार रिकामा केला, त्याचं तोंड उघडं ठेवलं आणि फक्त नाक फुगवलं. वहिनींनी साबण फेसला. चोरून करायचं काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी सवयीने आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मागच्या उघड्या तोंडावर त्यांनी फेसाचं पातळ आवरण ओढलं आणि दोघं त्याच्यावर वाकून बसली. थोडा वेळ काही झालं नाही. मग ते आवरण फुगलं. लिंबाएवढं झालं, संत्र्याएवढं झालं, दुकानाचं सगळं दार त्यात उलटं दिसायला लागलं, आणि टचकन फुटलं.

"पडदा," भाऊ म्हणाले. "हिचाही आणि माझाही. मग बाहेर ऐकू कसं येणार?"

तोच विनोद त्यांनी आणखी दोनदा केला. मग मात्र एकदम गंभीर झाले आणि सांगून मोकळे झाले की रविवारपुरती ही होडी नीट करून देऊ, पण त्यानंतर दुकान बंद. फसवून धंदा करायचा नाही. आजवर तू होतीस म्हणून निभावलं, काल पाखरावर विश्वास ठेवला. उद्या खरं भोक सुटून गेलं आणि पोरं पाण्यात असली तर?  पाखराची रेघ वहिनींनीही बघितली होती आणि गप्प राहिल्या होत्या. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. आधी होडी करू, एवढंच त्या म्हणाल्या.

पडद्याचं काम सोपं नसतं. पडदा आत, हात बाहेर. भाऊंनी पडद्याच्या अलीकडे, मन घट्ट करून, चांगल्या रबरात एक चीर दिली. त्यांचा हात आत घालून बघितला तर पंजाच अडकला. वहिनींचा गेला. कोपरापर्यंत हात होडीच्या पोटात घालून, मान वाकडी करून, त्या बोटांनी चाचपत गेल्या, आणि पडदा जिथे वरच्या बाजूला चिकटवलेला असतो तिथे त्यांना सुटलेली कड लागली. दोन बोटं मावतील एवढी. पुढचा सगळा वेळ भाऊ सांगत होते आणि वहिनींचे हात करत होते. आधी घास. पूस. सोल्युशन पातळ लाव, घाई करू नको. बोटाला चिकटेल न चिकटेल असं झालं की सोल्युशनचा दुसरा हात दे. आता पॅच, मधून कडेकडे दाबत जा, आत हवा ठेवू नकोस. वहिनी मध्येच म्हणाल्या की माझ्या हाताला मुंग्या आल्या, तर भाऊ म्हणाले की हो, चांगलाच चिकटलाय. त्या हसल्या आणि तशाच दाबत राहिल्या. मग बाहेरची चीर आतून-बाहेरून दोन पॅच लावून बुजवली आणि धडधाकट जागेवरचा तो सुरेख पॅच मात्र तसाच राहू दिला. काढला असता तर भोक पडलं असतं.

शनिवारी सकाळपर्यंत होडी नाक वर करून बसली होती. भाऊंनी एक कप्पा रिकामा ठेवून बघितला, मग दुसरा. वहिनींनी साबणाने पुन्हा सगळं तपासलं. हवा जागची हलली नाही.

बदकबाई न्यायला आल्या तेव्हा वहिनींनी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं: जरा आडजागी होती, पण ह्यांनी शोधली. मूठ अजूनही झाकता आली असती. त्यांनी तोंड उघडायच्या आत भाऊ उठून उभे राहिले.

"बाई, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बरीच वर्षं येत नाही. भोकं ही शोधते. परवा मी तुमच्यासमोर बोट टेकवलं ते चुकीचं होतं. ही होडी आता पक्की आहे, पण ती हिने पक्की केली आहे."

बदकबाईंनी होडीवर हात फिरवला आणि त्या काहीतरी म्हणाल्या. भाऊंनी वहिनींकडे बघितलं. इतकी वर्षं लोकांचं बोलणं वहिनींनीच त्यांच्यापर्यंत पोचवलं होतं, आणि पोचवताना त्यातला खडा काढून टाकायची त्यांना सवय होती. आज त्यांनी शब्दन् शब्द मोठ्याने सांगितला.

"त्या म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच सगळे तुमच्याशी मोठ्याने बोलतात. आणि भोकं कोण शोधतं तेही माहीत आहे. आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक वस्तूला धुतल्या कपड्यांचा वास येतो म्हणे."

 बदकबाई होडी डोक्यावर घेऊन तळ्याकडे निघाल्या. लांबून नुसती दोन पायांची होडीच उतारावरून चाललेली दिसत होती. ती वळणाआड जाईपर्यंत भाऊ दारात उभे राहिले. मग परत येऊन म्हणाले की हे बरंच झालं. सगळ्यांना माहीत आहे आणि तरी लोक नाव घेतात, तोवरच बंद करावं. सोमवारी सलूनवाल्याला विचारतो, त्याला जागा वाढवून हवीच आहे.

वहिनींनी या घटकेसाठी पुष्कळ जुळवाजुळव करून ठेवली होती. तुम्हाला करमणार नाही, तुम्ही सुकाल, माझ्या स्वयंपाकात चुका काढाल. म्हणजे सगळं भाऊंसाठीच. बोलायला गेल्या तर त्यातलं एकही वाक्य सापडेना. ओठावर आलं ते दुसरंच होतं, आणि ते त्या हळूच बोलून गेल्या.

"काय?" भाऊंनी कानामागे हात धरला.

"मला हे काम आवडतं," वहिनी ओरडल्या. रस्त्याकडच्या दारात उभं राहून त्या जन्मात ओरडल्या नव्हत्या. सलूनवाला गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बाहेर आला. समोरच्या खिडकीत कोणीतरी डोकावलं. "बुडबुडा वर येतो ना, तेव्हा मला बरं वाटतं. तुमच्यासाठी करते, तुमच्यासाठी करते असं मी मनाशी म्हणत होते. ते खोटं होतं. मला स्वतःला आवडतं. तुमचे कान गेले म्हणून माझं काम का जाईल? माझे आहेत ना दोन."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या बायकोकडे माणूस सहसा असा बघत नाही.

"कानामागून आली," ते शेवटी म्हणाले, "आणि तिखट झाली."

हे त्यांनी इतक्या लाडाने म्हटलं की वहिनींना एकदम लाजल्यासारखं झालं. त्या पदराने उगाच तोंड पुसू लागल्या. तोवर भाऊंनी फळीवरून कोणाची तरी चेपलेली हवेची गादी खाली घेतली होती. आपलं स्टूल उचलून त्यांनी ते वहिनींपुढे ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसून पंप मारायला घेतला. वहिनींनी साबणाची वाटी आणली, दाराशी उजेड चांगला होता म्हणून स्टूल तिकडे ओढलं, आणि भर सकाळी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, ब्रश फेसात बुडवला.